नारळ घेतला म्हणजे मिटलं

अण्णा,

तुमच्या नातवाला तुमच्यावर चार पानं हवी आहेत. घरातल्या गेलेल्या माणसांच्या आठवणींचं एक लहान पुस्तक तो छापून घेतो आहे, घरापुरतं. फोनवर म्हणाला, "आत्या, तूच लिही. आणि ते नक्की लिही, की बंदरावर इतकी वर्षं साहेब होते, पण एका माणसावर त्यांनी खटला भरला नाही. नुसती ताकीद देऊन सोडायचे." हे वाक्य आपल्या घरात मी तुम्ही जिवंत असल्यापासून ऐकते आहे. तुमच्या तेराव्याला आलेला प्रत्येक माणूस ते म्हणून गेला. मी पानं वाढत होते आणि मान हलवत होते. आता मान हलवायचं वय राहिलेलं नाही. नातवाला बरं म्हटलं, कागद घेतला, आणि तुमच्याविषयी लिहायला बसल्यावर लक्षात आलं की मला तुमच्याविषयी काही लिहायचं नाही. तुम्हालाच लिहायचं आहे. मला राग आलेला आहे. तो जुना आहे, पण वापरून झिजलेला नाही.

बंदरावरच्या कस्टम चौकीच्या मागे दोन खोल्यांचं क्वार्टर, आणि स्वयंपाकघराची खिडकी थेट चौकीच्या पडवीत उघडणारी. आई गेल्यापासून सुट्टीत ते स्वयंपाकघर माझं. सकाळी शिपाई लाल फीत बांधलेले कागद घेऊन मागच्या दाराने येतो आणि चुलीजवळच्या पाटावर ठेवतो, कारण कचेरीत ओल असते आणि तुम्हाला इथला उजेड आवडतो. तुम्ही चहाची बशी बाजूला सारता, पेन्सिल काढता. मुंबईहून येणाऱ्या किंवा मुंबईला जाणाऱ्या मालाच्या प्रत्येक मचव्याने खाडीच्या तोंडाशी शीड उतरवून चौकीला लागायचं, मालाचा कागद दाखवायचा, आणि मगच पुढे जाऊन माल उतरवायचा, असा नियम. जो चुकला त्याला ताकीद. मसुदा कारकून करायचा आणि मंजूर तुम्ही करायचात. मराठी प्रत तर तुम्ही मोठ्याने वाचायचात. "यातला 'अत्यंत' काढतो. 'गंभीर' कशाला? नुसतं 'चूक' पुरे." प्रत्येक खोडलेल्या शब्दाबरोबर तुम्ही थोडे सैल व्हायचात, जणू कुणाच्या पाठीवरचं ओझं उतरवलंत. एकदा मी विचारलं, की याने होतं काय? तुम्ही म्हणालात, "काही होत नाही. कान पिळल्यासारखं. रक्त निघत नाही." मला लिहायला कुणी शिकवलं असं लोक विचारतात तेव्हा मी कॉलेजातल्या प्राध्यापकांची नावं सांगते. ते खरं नाही. एक शब्द काढला की वाक्य कसं उभं राहतं हे मी त्या पाटाशेजारी शिकले. मी रागावले आहे त्यात हेही आहे.

तो तांडेल तुम्हाला आठवत असेलच. खाडीपलीकडच्या कोळीवाड्यातला. मचवा त्याचा स्वतःचा, सुकाणूवरही तोच. इकडून नारळ, सुकी मासळी, पेंढा न्यायचा. तिकडून कौलं, कधी गूळ, कधी माणसं आणायचा. मला कॉलेजला पहिल्यांदा मुंबईला त्यानेच नेलं. माझी ट्रंक उचलून आत ठेवताना म्हणाला, "बाय, हे पेटीन दगर हायेत का पुस्तका?" मी म्हटलं, पुस्तकं. "दगर असतं तं बरा झाला असता. मचवा तरी नीट बसला असता." डोलकाठीच्या सावलीत मला जागा करून दिली. वारा पडला तेव्हा शिडाकडे बघून त्याने त्याला बोलायला सुरुवात केली, एखाद्या आळशी जावयाशी बोलावं तसं. तुम्ही धक्क्यावर उभे राहून हात हलवला होतात. त्या मचव्यावर मी किती निर्धास्त बसले होते हे तुम्ही पाहिलेलं आहे.

पहिली ताकीद त्याला मिळाली ती एका बाईमुळे. मुंबईच्या इस्पितळातून तिला घरी आणत होता. समुद्र उसळलेला, तिला बसवेना. त्याने किहीमच्या वाळूला मचवा लावला, तिला आणि तिच्या ट्रंकेला तिथेच उतरवलं, आणि मग चौकीला येऊन जे केलं ते आपणहून सांगितलं. ट्रंक न दाखवता उतरवली, म्हणजे नियम मोडला. कारकुनाने मसुदा केला. तुम्ही 'जाणूनबुजून' हा शब्द खोडलात आणि मंजूर केलंत.

पुढच्या रविवारी तांडेल आला. पांढरी टोपी, धुतलेला सदरा. मागे त्याची बायको, नवं लुगडं. पडवीच्या कठड्यावर त्याने सोललेला नारळ ठेवला आणि त्यावर तळहात ठेवून उभा राहिला, तो घसरू नये म्हणून धरल्यासारखा. तुम्ही हसून हात पुढे केलात. तेव्हा शिपाई मध्ये बोलला. तो आतल्या गावातला, भातशेतीवाला, पण त्याला कोळीवाड्याच्या रीती माहीत होत्या. "साहेब, घेवू नका. घेतलाव तर मिटला असा व्हतंय त्यांच्यान." तुम्ही विचारलंत, म्हणजे काय? त्याने सांगितलं. त्यांच्या जमातीत कुणी चुकला तर पाटील सगळ्यांसमोर बोल लावतो. मग चुकणारा नारळ आणतो. पाटलाने तो हातात घेतला की गोष्ट संपली. ती पुन्हा कुणी तोंडातून काढायची नाही. जो काढेल, दोष त्याचा.

"मग मी काय पाटील?" तुम्ही म्हणालात.

"आमचे बंदरावर तुमीच पाटील," तांडेल म्हणाला. "बोल लावलाव, कागद धारलाव. मी आयकला. आता ह्यो घ्या."

"आणि मिटलं म्हणायचं का?"

"म्हना."

"मिटलं," तुम्ही म्हणालात, आणि नारळ घेतलात. त्याची बायको तेव्हा खिडकीतून मला म्हणाली, "बाय, कडवा निघाला तं सांग. बदलून देन." सगळे हसले. मी तो संध्याकाळी खवला. भाताबरोबर तुम्ही चमचा चमचा खाल्लात आणि म्हणालात, खोबरं गोड आहे.

हे मी इतकं सविस्तर लिहिते आहे ते तुम्हाला माहीत नाही म्हणून नव्हे. तुम्हाला माहीत होतं म्हणून. न कळून घेतलेला नारळ मी तुम्हाला माफ केला असता. तुम्हाला शिपायाने समजावून सांगितलं, तुम्ही नीट ऐकलंत, वर प्रश्न विचारलात, आणि तो शब्द स्वतःच्या तोंडाने उच्चारलात. त्या ताकिदीची प्रत मात्र निघाली त्याच दिवशी चौकीच्या फाइलीला लागली होती. नारळ फाइलीला लावता येत नाही. ते दोघं होडीत बसून परत जात होते तेव्हा एक गोष्ट संपवून जात होते. तुम्ही एक गोष्ट सुरू करून ठेवली होतीत.

दुसरी ताकीद जाळ्याच्या सुतावरून. कौलांच्या आड सुताची गाठोडी होती, बायकोसाठी आणि शेजारणींसाठी घेतलेली, कागदावर लिहिलेली नव्हती. पुन्हा मसुदा, पुन्हा पेन्सिल, पुन्हा रविवार. या खेपेला तुम्ही हसला नाहीत. वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता हात पुढे केलात आणि म्हणालात, "मिटलं, मिटलं." दोनदा. मला ते दोनदा म्हणणं आवडलं नव्हतं. का ते तेव्हा सांगता आलं नसतं.

त्या वर्षांत किनाऱ्यावर आखातातलं सोनं उतरत होतं. कुठल्या वाळूत, कुणाच्या बैलगाडीत, हे किराणा दुकानात उघड बोललं जायचं. त्या लोकांच्या नावावर चौकीत एकही ताकीद नव्हती. असणार कशी? ताकीद त्यालाच देता येते जो स्वतःच्या पायांनी चौकीवर येतो आणि झालेलं सांगतो. तुमची सगळी दया त्या लोकांसाठी होती ज्यांना तिची गरज नव्हती. त्यांना एकच हवं होतं, तुम्ही कारकुनाला "हे सोडून दे" म्हणायला हवं होतं. तेवढं बोलायला धाडस लागतं. ताकीद मंजूर करायला काही लागत नाही. खाली सही करणारा चांगला राहतो आणि कागद आपलं काम करत राहतो.

तिसऱ्या वेळी मचव्यात पाणी शिरत होतं. पावसाळा सरत होता, वारा अजून उलटासुलटा. शीड फाटलेलं. चौकीला थांबला असता तर मचवा तिथेच बुडाला असता, म्हणून तो सरळ खाडीत आत गेला, गावाला लागला, सगळ्यांनी मिळून कौलं उतरवली आणि मचवा वाचवला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो चौकीवर हजर. सांगायला. तुमच्या दुर्दैवाने, म्हणजे तुम्ही तसंच म्हणायचात, त्याच आठवड्यात मुंबईहून नवे वरिष्ठ तपासणीला आले होते. त्यांनी फाइल मागवली. तीन चुका, दोन ताकिदी. अशा मचव्याचं सरकारजमा करण्याचं प्रकरण होऊ शकतं, ते म्हणाले. चौकशी लावू.

पडवीत टेबल मांडलेलं आहे. वरिष्ठ खुर्चीत, शेजारी तुम्ही, कोपऱ्यात कारकून. शिपाई खांबाला टेकून. तांडेल टोपी हातात घेऊन उभा. मी खिडकीशी बसून बिरड्यासाठी भिजवलेले वाल सोलते आहे.

"ही दोन पत्रं तुला मिळाली होती?" वरिष्ठ विचारतात.

"मिलाली."

"तरी तिसऱ्यांदा तेच केलंस."

"ती दोन मिटली साहेब. ती आता काढाची न्हाय."

"मिटली? कुणी मिटवली?"

तांडेल तुमच्याकडे बघतो. त्याच्या चेहऱ्यावर भीती नाही. ओळखीच्या माणसाने आता बोलावं, अशी वाट बघतो आहे. तुम्ही टेबलाकडे बघता. तेव्हा तोच बोलतो. "नारल दिला ना. साहेबांनी घेतला. दोनी येलेला."

वरिष्ठ लिहायचं थांबतात. पेन खाली ठेवतात. मान तुमच्याकडे वळवतात आणि अगदी सभ्य आवाजात विचारतात, "तुम्ही याच्याकडून काही घेतलंत?"

तुम्ही चष्मा काढलात. धोतराच्या सोग्याने पुसलात. परत घातलात.

"नाही," तुम्ही म्हणालात.

माझ्या हातात एक अर्धा सोललेला वाल होता. तांडेलाने शिपायाकडे पाहिलं. शिपायाने आपल्या पायांकडे. मग तांडेलाने खिडकीकडे पाहिलं, माझ्याकडे. त्याला साक्षीदार हवे असते तर होते. मला वाटलं तो आता माझं नाव घेईल. त्याने टोपी डोक्यावर ठेवली, नीट बसवली, आणि वरिष्ठांना म्हणाला, "साहेब बोलतात ता खरा. माझीच भूल. दुसरे कोनाला दिला असंल."

बस. एवढंच. मचवा जप्त झाला. सुकाणू काढून आपल्या पडवीत आणून ठेवलं, त्याच कठड्याला टेकवून. मचवा खाडीच्या चिखलात कलला, उन्हाने त्याच्या फळ्यांच्या फटी वाढत गेल्या, आणि लिलावात कुणा लाकूडवाल्याने तो घेतला. तांडेल दुसऱ्याच्या होडीवर खलाशी म्हणून जाऊ लागला. त्या वयात. मी पुढे मुंबईला जायची ती लाँचने. धक्क्यावर तुम्ही हात हलवायचात, मी हलवत नसे. तुम्ही ते कधी विचारलं नाहीत.

चौकशीच्या दुपारी जेवताना मी बोलले होते. "तुम्ही नाही म्हणालात."

"मग काय म्हणायला हवं होतं? घेतलं म्हणून?"

"नारळ घेतला म्हणून."

"कागदावर नारळ येत नाही, 'वस्तू' येते. साहेबाने खलाशाकडून वस्तू घेतली. पुढे काय होतं ते तुला माहीत नाही. नोकरी गेली असती. तुझं कॉलेज कुठल्या नोकरीवर चालतं?"

मी ताट सारलं. तुम्ही आवाज न चढवता म्हणालात, "हा विषय या घरात पुन्हा निघायचा नाही. ताकीद समज." सौम्य शब्द. 'अत्यंत' नाही, 'गंभीर' नाही.

तुम्ही माझं कॉलेज पुढे केलंत ते मी अजून विसरलेले नाही. त्या पडवीत तुम्हाला माझं कॉलेज आठवलं नव्हतं. तुम्हाला त्या वरिष्ठांसमोर लहान व्हायचं नव्हतं. आणि एक वाक्य होतं, अण्णा. मी ते इतक्या वर्षांत अनेकदा करून पाहिलं आहे. 'हो, घेतला, त्यांची ती रीत आहे, आणि मिटलं असं मीच म्हणालो.' यात काढण्यासारखा एक शब्द नाही. त्यावर वरिष्ठ कदाचित हसले असते. कदाचित नसते. एका पत्रातल्या एका शब्दासाठी आख्खी सकाळ घालवणाऱ्या तुम्ही ते वाक्य करूनसुद्धा पाहिलं नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी शिपाई कागद घेऊन आला तेव्हा तुम्ही पाटावर बसलात, पेन्सिल काढलीत, आणि कुणाच्या तरी ताकिदीतला 'निष्काळजीपणे' खोडलात. चहाची बशी मी तुमच्यापासून लांब ठेवली. तुम्ही हात लांब करून ती घेतलीत.

मग ती आली, तांडेलाची बायको. दिवाळीची सुट्टी संपत आली होती. भर दुपारी, मागच्या दाराने, एकटी. डोक्यावर मासळीची पाटी, पाटीच्या एका कडेला नारळ.

"साहेब न्हाय?"

"झोपलेत," मी म्हटलं. तुम्ही जागे होतात. खाट वाजली होती.

"निजूं दे." तिने पाटी उतरवली. "त्यांनी चौकीवर मिटलेला काढला ना, ता त्यांचा चुकला. जमातीन बोल लागला त्यांना. म्हनून नारल आनलाय. साहेबांस दे. मिटला म्हनावा."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. त्यांच्या जमातीत दोष त्याच्यावर आला होता. मिटलेली गोष्ट त्याने परक्यासमोर तोंडातून काढली होती, म्हणून. मचवा गेला तो गेला, आणि वर तोच दोषी.

"चूक त्यांची नाही," मी म्हटलं. "चूक आमची आहे."

"बाय, तू शिकलेली हायस, ठावं हाय. मना नको शिकवू. हात पुरं कर."

मी हात पुढे केले. तिने नारळ ठेवला, पण सोडला नाही. आपला हात त्यावर तसाच. "बोल."

ती वाट बघत उभी राहिली. पाटीतल्या मासळीवर माशा बसत होत्या आणि तिला घरोघर जायचं होतं.

"मिटलं," मी म्हटलं.

तिने हात काढला. "कडवा निघाला तं सांग," असं म्हणाली, पाटी उचलली आणि गेली. या वेळी कुणी हसलं नाही. तुम्ही थोड्या वेळाने बाहेर आलात, नारळाकडे पाहिलंत, कोण होतं विचारलं नाहीत. "आत ठेव," म्हणालात. मी तो संध्याकाळी फोडला आणि आमटीत घातला. आपण दोघांनी खाल्ला.

तुमच्या नातवाला मी चार पानं देईन. तुमचं अक्षर, तुमची पेन्सिल, शब्द खोडण्याची तुमची सवय, ते सगळं खरं आहे. खटल्याचं वाक्य मी त्यात घालणार नाही. त्याला हवं तर तो घालेल. हे पत्र मात्र त्यात जाणार नाही, आणि कुठेच जाणार नाही. तुम्ही हयात नाही म्हणून नव्हे. तो नारळ मी दोन्ही हातांनी घेतला होता आणि शब्द उच्चारला होता. तिच्या रीतीने वरच्या 'अण्णा'पासूनच दोष माझा आहे. मिटलेलं मी काढलं. हे मला लिहायला बसतानाच माहीत होतं. आता नारळ मी आणायचा, तुमच्यासमोर ठेवायचा, त्यावर हात ठेवून उभं राहायचं. आणि तुम्ही तो घ्याल. वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता घ्याल, आणि मिटलं म्हणाल, दोनदा. म्हणून आणत नाही.